काउंटेस माझं ऐकते

२ मार्च, शनिवार
आज घरात असा एक जीव आणला की जो माझं ऐकेल.

बॉर्डर कॉली, मेंढ्या हाकणारी जात. मादी. काळी-पांढरी, एक कान उभा, एक पडलेला. पलीकडच्या दरीतल्या लॅन्टी टॅलेन्टायरकडून घेतली. त्याचं कंबरेचं ऑपरेशन झालंय, मेंढ्या विकून टाकल्या त्याने. कुत्री देताना म्हणाला, हिला काम दे, नाहीतर ती स्वतःच शोधेल. मी त्याला सांगितलं की मी घरकर्ज देणाऱ्या बिल्डिंग सोसायटीची अख्खी शाखा चालवली आहे, माणसांना काम देण्यात माझी हयात गेली. त्यावर तो माझ्या बुटांकडे बघत राहिला.

तिचं नाव नेल होतं. या डोंगरात दर दुसरी कुत्री नेल असते. मी काउंटेस ठेवलं. बायको लॉरेन म्हणाली, जुन्याला काय झालं होतं? मुलगी टॅम्सिन म्हणाली, कुत्रीला विचारलं का कोणी? पंधराव्या वर्षी मुलींना वाटतं प्रत्येक गोष्ट विचारून करायची असते.

माझे आजोबा याच डोंगरात मेंढपाळ होते. दोनच हंगाम, मग ते बुटांच्या कारखान्यात गेले. पण रक्त ते रक्त.

संकल्प : सकाळी अर्धा तास फिरवणे, संध्याकाळी अर्धा तास. पुरे.

३ मार्च
फिरवलं. ती दमली नाही.

५ मार्च
गुडघ्यामुळे आज फाटकापर्यंतच. बॉल आणला. बॉलकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. त्याऐवजी वॉशिंग मशीनसमोर पोटावर आडवी होऊन आत फिरणाऱ्या कपड्यांवर नजर रोखून बसली, थेट शेवटच्या पिळण्यापर्यंत. एकाग्रता उत्तम आहे. शाखेत असं एकही माणूस नव्हतं.

९ मार्च, शनिवार
यश!

सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीत उभा होतो. सहज म्हणालो, काउंटेस, खाली. धाडकन आडवी! ऊठ म्हणालो, उठली. डावीकडे म्हणालो, सोफ्याला डावीकडून वळसा घातला. नुसता हुकूम, आवाजही चढवला नाही.

टॅम्सिन म्हणाली, बाबा, बाहेर डॉट शिट्टी वाजवतेय.

वाजवणारच. डॉट टॅलेन्टायर म्हणजे आमची शेजारीण, लॅन्टीची थोरली बहीण. समोरच्या उतारावर रोज सकाळी ती तिच्या कुत्र्यांना शिट्ट्या मारत असते, सगळ्या दरीला ऐकू जातं. टॅम्सिनचं म्हणणं, दोघा भावंडांनी शिट्टी बापाकडून उचलली, म्हणून दोघांच्या खुणा सारख्याच. असतील. घराण्यात अशा आवडीनिवडी चालत येतात. त्याचा माझ्या ट्रेनिंगशी काय संबंध?

१७ मार्च, रविवार
निरीक्षण : काउंटेस सकाळी हुकूम बरोब्बर पाळते, दुपारनंतर अजिबात नाही. म्हणजे तिची बुद्धी सकाळी ताजी असते. रविवारी तर सकाळीही पाळत नाही. रविवारी डॉटसुद्धा चॅपलला प्रार्थनेला जाते, सगळी दरी शांत असते. जनावरांनाही सुट्टीचा वार कळतो, हे मी कुठेतरी वाचलं होतं, ते खरं निघालं.

२३ मार्च, शनिवार
लॉरेनचं वाचन मंडळ आमच्याकडे. बायका बाहेरच्या खोलीत बसल्या होत्या, हातात केकच्या बश्या. काउंटेस दाराशी पडून होती. मग एकेक बाई काही ना काही निमित्ताने उठली. एकीला पायाशी काहीतरी लागलं म्हणून ती सरकली, दुसरी तिच्यामागे गेली, तिसरीला एकटीला बसवेना. अर्ध्या तासात सगळं मंडळ कपडे धुण्याच्या खोलीत, वॉशिंग मशीनला टेकून उभं. चर्चच्या व्हिकरबाई म्हणाल्या, इथे उबदार वाटतंय, नाही? काउंटेस उंबऱ्यावर, पंजांवर हनुवटी ठेवून.

मी सर्वांना सांगितलं, ही शिस्त. लॉरेन नंतर म्हणाली की लेनर्ड, या कुत्रीचं काहीतरी कर. दवाखान्यात दिवसभर रांगा सांभाळून येते, घरी येऊन मला कुणी रांगेत उभं करायला नको.

लॉरेनला कौतुक करताच येत नाही. मी नोकरी सोडली तेव्हाही असंच. सगळे म्हणत होते शाखा बंद होणारच होती. होणार असेल, पण मी स्वतःच्या मर्जीने सोडली. निरोपाच्या वेळी सगळ्यांत जास्त टाळ्या माझ्या हाताखालच्या वॉरनने वाजवल्या. खूप वेळ वाजवत होता.

२ एप्रिल
पोस्टमन येतो पण त्याला जाता येत नाही. आज तो पंचवीस मिनिटं गुलाबाच्या झाडाशी उभा होता. शिवाय जिन्याखालचं प्लास्टर खाल्लेलं आढळलं. माझ्या खुर्चीचा एक पाय, पडद्याची दोरी, आणि धूळ ओढणाऱ्या हूवरची नळी. व्हेटने सांगितलं, हिला पायांपेक्षा डोक्याला काम हवं, दिवसाचे दोन-तीन तास. व्हेटला बोलायला काय जातंय.

संकल्प : बागेत अडथळ्यांची शर्यत. उड्या मारायला बांबू, आत शिरायला नळकांडं. सोमवारपासून.

८ एप्रिल, सोमवार
पाऊस.

१५ एप्रिल, सोमवार
पाऊस नाही. पण गुडघा.

२२ एप्रिल
बांबू आणले. काउंटेसने ते एकत्र करून कोपऱ्यात नेऊन ठेवले.

१४ मे, मंगळवार
आजचा दिवस विसरणार नाही.

परवाच डॉटने तिच्या मेंढ्या आणि कोकरं डोंगरावर सोडली. हर्डविक जातीची. आया राखाडी, कोकरं काळीकुळकुळीत. सकाळी काउंटेस दिसेना. मागचं फाटक उघडं. जेवणाच्या वेळी स्वयंपाकघराचं दार उघडलं तर हिरवळभर मेंढ्या! या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, कोकरांसकट. आणि फाटकात काउंटेस, पोटावर आडवी, जीभ बाहेर, डोळे माझ्यावर. फक्त माझ्यावर.

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मी न मागता माझ्यासाठी काहीतरी आणलं.  तिला चीजचा मोठा तुकडा दिला.

डॉट चारचाकी मोटरसायकल उडवत आली. सत्तरीची बाई, तोंड मात्र विशीतलं. इथेच भिंतीवरून सुरू झाली. म्हणाली, साहेब, ही काय तुझी बागेतली पार्टी आहे? डोंगराला कुंपण आहे का एक तरी? नाही ना? मग माझी मेंढरं माझ्याच भागात का राहतात, शेजाऱ्याच्यात का जात नाहीत? कारण कोकरू पहिल्या उन्हाळ्यात आईच्या मागे जिथे चरतं, ती त्याची जागा, मरेपर्यंत. मग ते मोठं होऊन आपल्या पोराला तीच जागा दाखवतं. माझ्या पणज्यापासून ही साखळी चालू आहे. एक उन्हाळा चुकला की तुटली. डोक्यात शिरतंय का काही?

मी म्हणालो, फार इंटरेस्टिंग.

ती म्हणाली, नेल एकटी परत डोंगरावर दिसली तर मी बंदूक काढेन. कायदा माझ्या बाजूने आहे. कुत्र्यावर माझा राग नाही, ती तिचं काम करतेय. उंटावर बसून शेळ्या हाकणारा तू आहेस.

मग दोन शिट्ट्या मारल्या आणि मेंढ्या निघाल्या. काउंटेसने मागून मदत केली. मी त्याच क्षणी 'जा' म्हणालो होतो, तेव्हा तो हुकूम माझाच धरायला हरकत नाही.

संकल्प : फाटकाची कडी दुरुस्त करणे. तातडीने.

२१ मे, मंगळवार
कडी आणायची राहिली. फाटक वाऱ्याने उघडतं. आज पुन्हा मेंढ्या. डॉट मंगळवारी पेनरिथच्या बाजारात असते, त्यामुळे तिला उगाच त्रास झाला नाही. संध्याकाळच्या आत काउंटेसने परत पोचवल्या. चीज.

आज रात्री तिने काहीही खाल्लं नाही. म्हणजे फर्निचरपैकी. माझ्या पायावर डोकं ठेवून झोपली. अडीच महिन्यांत पहिल्यांदा.

२८ मे, मंगळवार
वारा.

११ जून, मंगळवार
वाऱ्याने उघडतं असं वर लिहिलंय, ते ढोबळ मानाने. मी फक्त कडी काढून बघतो, ती स्वतःहून जाते का ते. जाते. म्हणजे मी पाठवत नाही.

गवत कापायचं काम वाचलं. लॉरेनने विचारलं की हिरवळीवर या लेंड्या कसल्या. मी म्हणालो, ससे. ती म्हणाली, केवढे? मी म्हणालो, या वर्षी ससे चांगले पोसलेत.

२५ जून, मंगळवार
मेंढ्यांची एक गोष्ट मला आवडते. बोलताना मध्ये तोडत नाहीत.

आज बाकावर बसून त्यांना थोडं समजावलं. शाखेत मी दर मंगळवारी सकाळची मीटिंग घ्यायचो, तेव्हा वॉरन टेबलाखाली फोन बघायचा, सगळ्यांना माहीत होतं. इथे सगळ्या माझ्याकडे तोंड करून रवंथ करतात. एक कोकरू आहे, नाकावर पांढरा ठिपका, नेहमी पुढे येऊन उभं राहतं. तिचं नाव मिस पिकरिंग ठेवलं. आमच्या जुन्या टायपिस्टबाई अशाच मान वाकडी करून ऐकायच्या.

९ जुलै, मंगळवार
मोठी प्रगती. आज काउंटेसला टॅम्सिनने सकाळीच कुठेतरी नेलं होतं. आणि तरीही कोकरं आली! आपणहून! आयांना वर सोडून, मिस पिकरिंग पुढे. फाटक बंद होतं तर बाहेर उभी राहून ओरडत राहिली. उघडावंच लागलं.

कुत्रीशिवाय, शिट्टीशिवाय, न बोलावता. याला म्हणतात लीडरशिप. प्रशिक्षण संपलं की माणूस हाकत नाही, लोक आपणहून मागे येतात. हेड ऑफिसला मी हेच सांगत होतो.

२० जुलै, शनिवार
लोकर कातरायला डॉटने मेंढ्या खाली आणल्या. आया आल्या, कोकरं अर्धीच. दिवसभर डोंगरावर तिचा आवाज. संध्याकाळी कोकरं आमच्या सफरचंदाच्या झाडाखाली सापडली. डॉट फाटकात उभी राहिली. मला वाटलं आता तोंड सुटणार. तिने नुसती कोकरं मोजली, परत मोजली, आणि मोटरसायकल फाटकाशीच ठेवून त्यांना पायीच हाकत नेलं.

टॅम्सिन तिच्याबरोबर गेली, मदतीला.

३ ऑगस्ट
टॅम्सिन हल्ली रोज सकाळी काउंटेसला घेऊन डॉटकडे असते. दुपारी दोघी येतात, दोघींना लोकरीचा वास. काउंटेस आल्या आल्या झोपते. पोस्टमन निर्धास्त येतो-जातो. जिन्याखालचं नवीन प्लास्टर शाबूत. लॉरेन म्हणाली, कुत्री बदलली. मी म्हणालो, मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो की रूटीनला वेळ द्यावा लागतो.

एक गोष्ट खटकते. टॅम्सिन तिला नेल म्हणते, आणि ती वळते.

मंगळवारी मात्र काउंटेस माझी. डॉट बाजारात, टॅम्सिनचा पोहण्याचा क्लास.

१४ सप्टेंबर, शनिवार
डॉट घरात आली. आजवर भिंतीच्या आत आली नव्हती. बूट काढून स्वयंपाकघरात बसली. लॉरेनने चहा दिला, तो तिने प्यायला नाही.

म्हणाली, या वर्षीच्या मादी कोकरांवर तिचा पुढचा कळप उभा राहायचा होता. त्या वर टिकत नाहीत. वर नेऊन सोडल्या की तासाभरात खाली, या बागेत. त्यांना वाटतं ही त्यांची जागा. एखाद-दुसऱ्या वेळी खाली आल्याने काही बिघडत नाही म्हणून तिने आधी लक्ष दिलं नाही, पण कुणीतरी पुन्हा पुन्हा आणल्याशिवाय, खाऊ घातल्याशिवाय, थांबवून ठेवल्याशिवाय असं होत नाही. म्हाताऱ्या मेंढ्या पाच-सहा वर्षांत जातील. मग वरची जागा मोकळी. ती जागा माहीत असलेली मेंढी बाजारात मिळत नाही, कितीही फिरलं तरी. एवढ्या बोलक्या बाईचा आवाज बसला होता.

मी म्हणालो, मेंढ्यांना चांगली जागा कळते, त्यात माझा काय दोष. नाचता येईना, अंगण वाकडं.

लॉरेनने कप खाली ठेवला. लेनर्ड, फाटक कोण उघडतं, असं विचारलं. मी म्हणालो, वारा.

डॉट उठली. बूट घालता घालता म्हणाली, पुढच्या वेळी नेल वर एकटी दिसली तर मी डोळे मिटून घेणार नाही. दोनदा मिटले. हे पोरीच्या तोंडाकडे बघून.

ती गेल्यावर टॅम्सिन ओरडली. बाबा, ती मरेल. तुला समजतंय का, गोळी घालतील तिला, तुला एक फाटक लावून ठेवता येत नाही म्हणून. मी म्हणालो, इतकं नाटकी बोलायची गरज नाही. आजकालच्या मुलांना सगळ्यातच जीवनमरण दिसतं.

संकल्प : कुलूप.

८ ऑक्टोबर, मंगळवार
कुलूप आणलं. चांगलं पितळी. लावणारच होतो. पण काउंटेस फाटकाशी बसली होती, पडलेला कान उभा करून, माझ्या हाताकडे बघत. असं माझ्या हाताकडे शाखेतसुद्धा कोणी बघितलं नाही, अगदी पगारवाढीच्या वेळीही. म्हटलं, पाच मिनिटं. डॉट बाजारातच आहे.

डॉट बाजारात नव्हती.

गोळीचा आवाज दरीत दोनदा येतो. एकदा खरा, एकदा पलीकडच्या कड्यावरून. मी पायरीवर होतो. हातातला कप कुठे गेला आठवत नाही. मला भीती वाटली. आजवर कशाचीच वाटली नाही एवढी. हे लिहून ठेवतो, पुन्हा वाचणार नाही.

काउंटेस आली. धावत नव्हती, चालत आली, शेपूट पोटाखाली. अंगावर ओरखडाही नाही. डॉटने हवेत झाडली होती. काउंटेस माझ्याजवळून गेली आणि आत जाऊन टॅम्सिनच्या पलंगाखाली शिरली. चीजला बाहेर आली नाही.

टॅम्सिन पोहून आली तेव्हा तिला काही सांगितलं नाही. पण सगळ्या दरीने ऐकलं होतं.

१२ ऑक्टोबर
कोणी माझ्याशी बोलत नाही. बरंच आहे, शांतता मिळते. कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात.

१५ ऑक्टोबर, मंगळवार
किल्ली मागून टॅम्सिनने स्वतःकडे घेतली.

१ नोव्हेंबर
डॉटची मादी कोकरं खालच्या प्रदेशात हिवाळ्याला गेली, दरवर्षी जातात तशी. वसंतात परत. ट्रक आमच्या फाटकासमोरून गेला. मिस पिकरिंग फळीच्या फटीतून बघत होती, अशी मला खात्री आहे.

१० नोव्हेंबर
पुढच्या शनिवारी मेंढपाळांचा मेळा. वर्षभरात डोंगरावर ज्यांच्या ज्यांच्या मेंढ्या चुकून दुसऱ्याच्या कळपात गेल्या, त्या सगळ्या खानावळीच्या अंगणात आणतात आणि ज्याच्या त्याला परत करतात. मग जेवण, गाणी, भाषणं. दरीतलं सगळं इथे ठरतं, कोण आपला आणि कोण नाही ते.

दोन वर्षं झाली इथे येऊन, मला कोणी बोल म्हणालं नाही. या वर्षी म्हणतील. विषय तयार : 'जनावर आणि नेतृत्व'. कॉकरमाउथच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून मेंढपाळाची वाकडी काठी आणली. आजोबांची असती तर अशीच असती.

१६ नोव्हेंबर, शनिवार
दगडी अंगणात लाकडी कुंपण, आत चुकलेल्या मेंढ्या. म्हातारा एडविन बाऊनेस सालाबादप्रमाणे काठीने दाखवत होता. पाठीवर निळी रेघ, ती अमक्याची. कानाला दोन खाचा, ती तमक्याची. ज्याची खूण, त्याचं जनावर, असं तो दर वेळी म्हणतो आणि लोक मान हलवतात. वाद नाही, कागद नाही. कित्येक पिढ्या असंच.

शेवटी कुंपणात एकच जनावर राहिलं. काळं-पांढरं. एक कान उभा, एक पडलेला. डाव्या कुशीवर लाल रंगाचा पट्टा, टॅलेन्टायरच्या मेंढ्यांना असतो तसाच, अजून ओला.

हे कुणाचं, एडविनने विचारलं.

कोणी हसेल म्हणून मी थांबलो. डॉट म्हणाली, माझं.

मग लोक हसले. मीसुद्धा हसलो, सगळ्यांत मोठ्याने. मी टॅम्सिनकडे पाहिलं. तिने हात खिशात घातले, पण नखांतला लाल रंग मला दिसला होता. ती हसत नव्हती. रडवेली झाली होती, आणि तरी माझ्याकडे सरळ बघत होती. लॉरेन दाराच्या चौकटीला टेकून उभी. तिला माहीत होतं. दोघींना माहीत होतं.

एडविन म्हणाला, लेनर्ड, तुझी काही खूण असेल तर सांग, अजून उशीर झालेला नाही. उपहास नव्हता त्यात, तो रीतच पाळत होता. मी म्हणालो, खूण कशाला हवी, ती माझं ऐकते.

मग बोलाव की, कोणीतरी मागून म्हणालं.

मी काठी टेकवली आणि म्हणालो, काउंटेस, खाली. स्पष्ट आवाजात, मीटिंगच्या. ती उभी राहिली. पुन्हा म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिलं, ओळखीच्या माणसाकडे बघतात तसं, आणि नजर फिरवली. 

डॉटने ओठ आवळून हळूच शिट्टी घातली, शेजारच्या माणसालाही जेमतेम ऐकू जाईल अशी. कुत्री धाडकन आडवी.

अगदी तशीच. मार्चमध्ये, माझ्या खिडकीत, सोफ्याशेजारी पडली होती तशीच.

मी सर्वांना सांगितलं की तिला गर्दीची सवय नाही. एडविन म्हणाला, असेल असेल, चल, जेवण निवतंय. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याचा मला सगळ्यांत जास्त राग आला.

जेवायला टेटी पॉट होता, मटण-बटाट्याचा, लाल कोबीचं लोणचं. दोनदा घेतला. भाषणाला कोणी बोलावलं नाही.

१७ नोव्हेंबर
काल मी मोठ्या मनाने काउंटेस डॉटला दिली. विचार करता हेच योग्य.

लॉरेनला म्हणालो की घरच्यांनी आधी सांगायला हवं होतं. ती म्हणाली, सहा महिने सांगत होतो, लेनर्ड. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

४ डिसेंबर
घर स्वच्छ राहतं. हूवरला नवी नळी. बाहेरच्या खोलीत वाचन मंडळ बसतं तिथेच बसून राहतं.

संकल्प : इटालियन शिकणे.

१९ जानेवारी
टॅम्सिन शाळेतून थेट डॉटकडे जाते. जेवून येते. लॉरेनने दवाखान्यात संध्याकाळची पाळीही मागून घेतली. ती आणि मी टेबलाशी फार क्वचित बसतो आणि बसलो की ती मिठाची बाटली माझ्याकडे सरकवते, मी न मागता. हे चांगलं लक्षण मानायला हरकत नाही.

सकाळी डॉटच्या शिट्ट्या येतात. हल्ली त्यात दोन प्रकारच्या असतात. एक जुनी, एक जरा कच्ची, शेवटी घसरणारी. कच्ची टॅम्सिनची. मी खिडकीत चहा घेऊन उभा असतो. सवयीने म्हणतो, खाली. इथे पडायला कोणी नाही, पण समोरच्या उतारावर एक काळा ठिपका थांबलेला दिसतो.

२ फेब्रुवारी
इटालियनचं पुस्तक आलं. पहिला धडा वाचला. अवघड नाही.

९ मार्च
पुस्तक सापडत नाही.

८ एप्रिल, मंगळवार
परत आल्या!

सकाळी दार उघडलं तर फाटकाबाहेर रांग. अंगाने वाढलेल्या, लोकर तपकिरी पडलेली, पण त्याच. काल ट्रकमधून उतरवून डॉटने त्यांना वर डोंगरावर नेऊन सोडलं असणार, आणि त्या एका रात्रीत उतरून इथे आल्या. पाच महिने लांब राहून, रस्ता न विसरता. मिस पिकरिंग सगळ्यांच्या पुढे. नाकावरचा ठिपका तसाच.

कुलूप काढलं. किल्ली तिथेच खिळ्याला अडकवलेली असते, आता लपवायचं कारण उरलं नाही. सगळ्या आत आल्या आणि बाकाभोवती उभ्या राहिल्या, माझ्याकडे तोंड करून. मी बसलो.  हिवाळा कसा गेला ते सांगितलं. सगळं सांगितलं. कोणी मध्ये तोडलं नाही.

मग डॉट, टॅम्सिन आणि कुत्री आल्या. डॉट भिंतीपाशीच थांबली. मी तिला म्हणालो, बघ, विसरल्या नाहीत. म्हटलं आता तरी मान्य करेल.

ती म्हणाली, हो साहेब, नाही विसरल्या. हीच तर पंचाईत आहे. वाटलं होतं, हिवाळाभर लांब राहतील, डोक्यातून जाईल. नाही गेलं. आता यांना डोंगर लागणार नाही, आणि यांची पोरं पण इथेच येणार. गुरुवारी खाटकाचा ट्रक सांगितलाय. सगळ्या.

आवाजात राग नव्हता. मला राग हवा होता.

मी म्हणालो, सगळ्या? ती म्हणाली, मग कोणती ठेवू, तूच सांग. मी मिस पिकरिंगकडे बोट दाखवणार होतो. पण मग मी नाव ठेवलंय हे सांगावं लागलं असतं. आणि बाकीच्यांनाही नावं होती.

टॅम्सिनने शिट्टी दिली, शेवटी जरा घसरली. नेल हिरवळीच्या कडेने वळसा घालून आली, माझ्यापासून हातभर अंतरावरून. तिचा श्वास मला ऐकू आला. मी हलक्या आवाजात म्हणालो, खाली. ती थांबली नाही. टॅम्सिन म्हणाली, बाबा, जरा बाजूला हो, ती कामात आहे. अगदी नीट म्हणाली, परक्या माणसाला सांगावं तसं.

मी बाजूला झालो. मेंढ्यांना जायचं नव्हतं, दोनदा मागे वळल्या. मिस पिकरिंग बाकाला चिकटून उभी राहिली, तिला शेवटी नेलने नजरेनेच काढलं. पाच मिनिटांत बाग रिकामी झाली.

जाता जाता टॅम्सिन म्हणाली, फाटक लावून घे.

लावलं. दिवसभर वारा खूप होता. एकदाही उघडलं नाही.